आवाज कुणाचा?

मोटारीच्या पोटाखालून जाऊन मागे तोंड काढणाऱ्या नळीला आमच्या तरुणपणी सायलेन्सर म्हणत. आवाज गप्प करतो तो सायलेन्सर, इतका साधा हिशेब. तो फुटला की मालक शरमेने मान खाली घालून गॅरेज गाठायचा. आता त्याच नळीला ‘एक्झॉस्ट’ म्हणतात, आणि धडधाकट सायलेन्सर काढून त्या जागी फुटल्यासारखा वाजणारा बसवायला लोक रोख पैसे मोजतात. आमच्या वेळी हे काम गंज फुकटात करून देत असे.

हे सगळं ज्ञान मला भाच्याच्या कृपेने झालं. त्याने जुनी पोलो जीटी घेतली. बाराशे सीसीचं टर्बो इंजिन, 105 अश्वशक्ती. दिसायला बँकेतल्या कारकुनासारखी शांत. पण त्याची तक्रार नेमकी तीच होती. “मामा, घोडे आहेत हो आत, पण खिंकाळत नाहीत!”

मग एक्झॉस्ट पाहण्याचा कार्यक्रम निघाला. मुलगी पाहायला जाताना एक वडीलधारं माणूस लागतं, तसा मी. गॅरेजवाल्याने स्थळं दाखवावीत तसे तीन प्रकार मांडले. शेवटचा डबा तेवढा बदलायचा तो ‘अ‍ॅक्सलबॅक’: यात आवाज बदलतो, ताकद जिथल्या तिथे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचं सगळं बदलायचं तो ‘कॅटबॅक’. आणि थेट टर्बोच्या तोंडापासून सुरुवात करायची ती ‘डाउनपाइप’. टर्बोच्या गाडीला खरा फायदा इथे होतो, पण धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टरही बहुधा इथेच बसलेला असतो. तो उपटला की घोडे वाढतात, आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याचा खोकलाही वाढतो.

“मामा, 304 ग्रेडचं स्टेनलेस आहे,” भाचा हळूच म्हणाला. मी म्हटलं, “अरे, तुझ्या आईची भांडी त्याचीच असतात. त्यांचा आवाज तर फुकट ऐकायला मिळतो!”

नळी जितकी रुंद तितकी गाडी पळणार, अशी त्याची पक्की श्रद्धा होती. गॅरेजवाला भला माणूस. तो म्हणाला, “साहेब, चूल कधी फुंकलीय? फुंकणी अरुंद असते म्हणून वारा जोरात जातो. फुंकणीऐवजी बादलीत फुंकून बघा.” इंजिनातून बाहेर पडणारा वायूचा प्रत्येक झोत आपल्यामागच्याला थोडा ओढून घेतो, नळी फाजील रुंद केली की झोत मंदावतो आणि ही ओढ ढिली पडते. टर्बोला मागची वाट मोकळी लागते हे खरं, पण तिलाही काही प्रमाण आहे. शिवाय इंजिनाच्या संगणकाची नव्याने जुळणी केल्याशिवाय नुसती नळी बदलून मिळणारी ताकद इतकी बेताची, की मामा गाडीतून उतरला तरी तेवढा फरक पडेल. हे मामाच्या अंगकाठीकडे पाहून भाच्याने स्वतः कबूल केलं.

आवाजाचं गणितही काही सोपं नाही. डेसिबल हा पगारासारखा वाढत नाही, सावकारी व्याजासारखा वाढतो. दहाने वाढला की ध्वनीची ऊर्जा दसपट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. कायद्याचा कान तर फारच तिखट. मोटार वाहन कायद्याच्या 190व्या कलमात 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून असल्या आवाजाच्या पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय वाहन परवाना तीन महिने बाद.

खरं म्हणजे आवाज आणि शांतता यांचं भांडण पिढ्यांचंच आहे. हायरम मॅक्सिम या गृहस्थाने 1884 च्या सुमारास मशीनगन काढली आणि तिच्या धडाडधूममध्ये स्वतःचे कान घालवले. त्याच्या मुलाने काय करावं? 1909 साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि पुढे तीच विद्या इंजिनांना लावली! बापाने आवाज केला, लेकाने तो निस्तरला. आमच्या घराण्यात हे चाक उलटं फिरतं.

शेवटी भाच्याने एका मित्राची ‘कॅटबॅक’ लावलेली गाडी मागून आणली आणि आम्ही द्रुतगती मार्गाला लागलो. पहिली दहा मिनिटं मलाही मौज वाटली, खोटं कशाला बोला. पण एका वेगावर गाडी स्थिर झाली, आणि डोक्यात मोठा भोवरा सोडावा तशी एकसुरी घूं-घूं सुरू झाली. नळीचा सूर आणि गाडीच्या पोकळीचा सूर जुळला की असं होतं म्हणे. रेझोनेटर नावाचा डबा ते दाबण्यासाठीच असतो, आणि मित्राने तो हौसेने काढून टाकलेला! घाट संपेस्तोवर आम्ही दोघं खाणाखुणांनी बोलत होतो.

तरीही भाचा डगमगला नाही. रात्रपाळी करून तो दीड वाजता घरी येतो. त्याने शेवटचं अस्त्र काढलं : “आई, अगं, तुला झोपल्या झोपल्या कळेल मी आलो ते!”

ताई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ते मला आत्ताही कळतं. कोपऱ्यावरचं गटाराचं झाकण सैल आहे ना, त्यावरून तुझी चाकं गेली की दोनदा टक-टक वाजतं. मग मी दिवा मालवते. सगळ्या गल्लीला कशाला कळायला हवं?”

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. दीड वाजेपर्यंत दिवा जळत असतो, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यात साठवलेल्या पैशांतून त्याने गाडीला नवे टायर आणि ब्रेकचे पॅड घातले. त्यांचा आवाज येत नाही, म्हणून मित्रांना दाखवायची सोय नाही.

आता आमची एकच काळजी आहे. ते गटाराचं झाकण संबंधितांनी दुरुस्त करू नये. आजवरचा अनुभव पाहता तशी भीती नाही.