चौदा ग्रॅम

आमचा वजनकाटा न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यात, फिनेलच्या बाटलीशेजारी असतो. गेले सोळा महिने दर रविवारी सकाळी चहाच्या आधी मी त्यावर उभी राहते आणि आकडा दैनंदिनीत लिहिते. पहिला आकडा होता ७८.६. या रविवारचा ७१.९. भागाकार केला तर दिवसाला चौदा ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे साखर. किलोभर चरबीत ढोबळमानाने ७७०० कॅलरी मोजतात. म्हणजे माझी रोजची तूट शंभराच्या आसपास, एका पोळीएवढी. सोळा महिने खपून मी रोज एक पोळी कमी खाल्ली, असं कुणी म्हटलं तर मला नाही म्हणता येणार नाही.

याआधी एकदा मी भराभर बारीक झाले होते. २०१७ साली नागपूरला मावसबहिणीचं लग्न होतं. एका आहारतज्ज्ञांनी छापील कागद दिला : सकाळी काकडी, दुपारी सूप, रात्री पुन्हा सूप. पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले आणि मी हरखले. शरीरातली साठवणीची साखर आपल्यासोबत तिपटीएवढं पाणी धरून ठेवते आणि आधी ती दोन्ही जातात, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. दहा आठवड्यांत नऊ किलो उतरले. शालू छान बसला, केस मुठीमुठीने गळले. पुढच्या दीड वर्षात अकरा किलो परत आले. मी ते माझ्या चारित्र्याचं अपयश समजत होते. पुढे कधीतरी एका अमेरिकी अभ्यासाबद्दल वाचलं. टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं होतं आणि २०१६ साली ते निष्कर्ष छापले गेले. बहुतेकांचं वजन परत आलं होतंच, शिवाय निवांत बसल्या बसल्या त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. वाचून वाईट वाटलं, आणि थोडं बरंही.

दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा लग्नबिग्न काही नव्हतं. रक्ताचा अहवाल होता : तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२. मधुमेहाची रेघ ६.५ वर. बाबांची ती रेघ कधी ओलांडली गेली, हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. कळलं तेव्हा मूत्रपिंडं थकली होती. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेताना मी रिक्षात त्यांचा हात धरायची. तो हात दर महिन्याला हलका लागत गेला.

बाबा भिलाईच्या कारखान्यात, कोक ओव्हनमध्ये होते. वर्ध्याहून ते इथे आले तेव्हा पहिली भट्टी पेटून, म्हणजे १९५९ नंतर, जेमतेम दहा वर्षं झाली होती. ते नेहमी सांगायचे की कोक ओव्हनची नवी बॅटरी पेटवायची म्हणजे काडी लावली आणि झालं, असं नसतं. आतल्या सिलिकाच्या विटा तापताना फुगतात, त्यातही सुरुवातीच्या काही शे अंशांत सगळ्यात जास्त. म्हणून उष्णता दिवसाला मोजके अंश अशी वाढवत न्यायची, त्यात दोन महिने सहज जातात. घाई केली तर विटांना तडे जातात, आणि ते तडे आयुष्यभर गळत राहतात. हे सांगणारा माणूस स्वतः मात्र ताटावर बसला की पंधरा मिनिटांत उठायचा. पाळीची नोकरी!

पोटापाण्यासाठी मी अनुवाद करते. हिंदीतून मराठीत, दिवसाला दीड पान. त्यामुळे असेल, मला आधी शब्द अडतो. ‘डाएट’ म्हटलं की कागद, काकडी आणि शेवटची तारीख डोळ्यांपुढे येते. पण त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ जगण्याची रीत. आणि आपलं ‘पथ्य’ तर थेट पथावरून आलेलं : वाटेला मानवेल ते. दोन्ही शब्दांना शेवटची तारीख नव्हती, ती आपण लावली. हे कळून माझं वजन उतरलं नाही, हे उघड आहे. पण काय करायचं नाही ते ठरलं. जे मी साठाव्या वर्षीही करणार नाही, ते आज सुरू करायचं नाही.

मग उरलं ते फार साधं. सिव्हिक सेंटरला संध्याकाळी फिरायला गेलं की आलूगुंडा ठरलेला असे (बटाटावड्याला इथे आलूगुंडा म्हणतात आणि मला तेच नाव जास्त प्रामाणिक वाटतं). तो बंद केला नाही, रविवारपुरता ठेवला. भात हा इथला धर्म. छत्तीसगडला धानाचा कटोरा उगाच म्हणत नाहीत. भात सोडून पाहिला, नवव्या दिवशी रात्री अकराला पातेल्यातूनच खाल्ला. आता आधी भाजी वाढून घेते, लाल भाजी, चेच, मुनग्याच्या शेंगा, जे बाजारात असेल ते. मग वरण, मग एक वाटी भात. रात्री आईच्या माहेरची ज्वारीची भाकरी. घरी कामाला येणाऱ्या ताई उन्हाळ्यात बासी खातात, रात्रभर पाण्यात भिजलेला भात, कांदा आणि हिरवी मिरची. २०२२पासून इथे १ मेला कामगार दिनी बोरे-बासी खाण्याची सरकारी हाक निघाली आणि साहेबलोक ताटासकट छायाचित्रांत दिसले. ताईंना त्याचं हसू आलं. त्यांच्याकडे पाहून मीही एप्रिल-मेमध्ये दुपारी बासी खाऊ लागले. पोट गच्च भरतं आणि चारपर्यंत बिस्किटाचा डबा आठवत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी काटा ७४.२ वर बसला. चौदा रविवार. मी काट्याचे सेल बदलले. मग काटा बदलायचं मनात आलं. एका रविवारी तर रागाने खुरमीचा अख्खा डबा संपवला, त्याचीही नोंद दैनंदिनीत आहे. नोंदी चाळताना लक्षात आलं की त्याच महिन्यांत मी तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढायला लागले होते. ते मी कुठेच लिहिलं नव्हतं, कारण त्याला आकडा नव्हता.

खरी अडचण आईची होती. ताईंनी एकदा सहज म्हटलं, “दीदी, दूबर होगे हस.” छत्तीसगढीतलं दूबर आणि मराठीतलं दुबळं, दोन्ही एकाच दुर्बलातून आलेले. आईने पोळी लाटायची थांबवली. त्या दिवशी माझ्या ताटात न मागता तीन पोळ्या आल्या, वर तूप.

“काहून एवढुसं खाऊन राहिली तू?”

मी साखर, अहवाल, सरासरी सगळं समजावलं. ती ऐकत नव्हती, माझ्या मनगटाकडे पाहत होती. या घरात याआधी बारीक झालेला माणूस परत आला नव्हता, हे माझ्या इतक्या उशिरा ध्यानात आलं. दहा आठवड्यांत नऊ किलोवालं यंदा केलं असतं, तर तिने ते कसं सोसलं असतं?

पुढच्या रविवारी मी काट्यावरून उतरले तर ती दारात उभी. “मलेही पाहू दे.” एका हाताने माझा खांदा धरून ती चढली. खांदा सोडायला लावला. ४१.३. मागच्या वर्षी दवाखान्यात ४५ भरलं होतं. सोळा महिने मी या घरातले ग्रॅम मोजत होते, आणि चार किलो माझ्या नजरेसमोरून निघून गेले होते.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. सुदैवाने मोठं काही निघालं नाही. दात, एकटीने जेवायचा कंटाळा, आणि मला वाढण्यात स्वतःचं राहून जाणं. आता आम्ही एका वेळी बसतो. वरण घट्ट, तिच्यासाठी मऊ, रोज एक वाटी दही. तूप मी वाढते : तिला दोन चमचे, मला अर्धा. ती माझ्या ताटाकडे पाहते, मी तिच्या.

दैनंदिनीत आता दोन रकाने आहेत. या रविवारी तिचा आकडा ४२.४. तिने चष्मा लावून दोन्ही वाचले आणि विचारलं, “तुझे गेले ते मलेच आले का वं?”