बेचाळिशी

माणसाच्या तोंडात बत्तिशी असते आणि वय झाले की नाकावर चाळिशी येते. कुत्र्याच्या तोंडात मात्र बेचाळिशी असते, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळले. मांजराचे दात ३०. गाईला तर वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात.

जनावरांच्या दातांशी आम्हां बँकवाल्यांचा संबंध जुना. तालुक्याच्या शाखेत असताना बैल-म्हशींच्या कर्जाचे कागद माझ्याच टेबलावर येत. जनावराला जन्मदाखला नसतो, त्याचे वय दातांवरून ठरते. दुधाचे दात असतील तो आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, आठही आले की जुळलेला. एवढे कळले की जनावराचे तोंड मिटायचे आणि आमचे पेन उघडायचे. धर्माची गाय असेल तर दात बघू नयेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. विकतची असेल तर खुशाल बघा. पण ते दुखतात का, हे कुठल्याच फॉर्मात विचारलेले नसते.

आमच्या मोतीचे वय ११. दगड चावणे हा त्याचा लहानपणापासूनचा छंद. मध्यंतरी तो एकाच बाजूने चावू लागला, अर्धी भाकरी टाकू लागला आणि उजव्या डोळ्याखाली सूज आली. शेजारी म्हणाले, गांधीलमाशी चावली असेल. मी म्हणालो, वय झालं.

"वय माझंही झालंय," आई म्हणाली, "मी टाकते का भाकरी?"

जनावरांच्या डॉक्टरांनी मोतीचा ओठ वर केला. "आजी, हे डोळ्याचं नाही, दाढेचं दिसतंय." वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळे असतात आणि त्यांची टोके थेट डोळ्याखाली पोचतात. कुत्र्याच्या दाताचा निम्म्याहून अधिक भाग हिरडीखाली असतो. म्हणजे बाहेर दिसते ते नुसते पासबुक, खरे लेजर आत. ते बघायचे तर एक्स-रे हवा.

आपल्याला 'हलू नका' म्हटले की आपण हलत नाही. मोतीच्या तोंडात ती पट्टी ठेवली असती तर त्याने ती खाल्ली असती. म्हणून भूल द्यावी लागते.

"दाताच्या फोटोसाठी बेशुद्ध? आणि उठलाच नाही तर?"

डॉक्टर हसले नाहीत. आधी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत बघू, पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनलिकेत नळी घालू, जिभेला चिमटा लावून नाडी आणि प्राणवायू मोजत राहू, असे सगळे त्यांनी सांगितले. "धोका शून्य नाही, आजी. पण त्याला आज दुखतंय."

संमतीच्या कागदावर आईने स्वतः सही केली. हजारो सह्या ताडून पाहिलेल्या मला ती तिची वाटेना, इतका हात कापत होता.

फोटो काही सेकंदांत कॉम्प्युटरवर उमटला. बाहेरून दाढेची नुसती कपची उडालेली. आत मुळाभोवती काळी सावली, तेवढे हाड पोखरलेले. डॉक्टरांनी दाढेचे तीन तुकडे केले आणि एकेका मुळासकट काढले. बाकीच्या दातांवरचे कीटण पाणी फवारणाऱ्या यंत्राने खरवडले, वर पॉलिश केले. बिल पाहून माझी बत्तिशी आपोआप मिटली. संध्याकाळी मोती, जेवून आलेल्या ऑडिटरसारखे, अर्धे डोळे उघडून बघू लागला.

ती दाढ कित्येक दिवस ठणकत असणार. तरी मी घरी आलो की हा शेपूट हलवीतच दारात येई. आमच्या बँकेत तक्रारवही दोरीने टांगलेली आहे. काउंटरवरचे पेन चालत नाही म्हणून लोक त्यात पानभर लिहितात, ते कुठल्या पेनाने हे विचारू नये. मोतीने कुठे लिहावे? त्याची तक्रार त्या काळ्या सावलीतच काय ती वाचायला मिळाली.

आता रोज रात्री आई त्याचे दात घासते. पेस्ट कुत्र्यांची वेगळी, कारण त्याला चूळ भरता येत नाही, सगळे गिळतो, आणि माणसांची पेस्ट त्याला बाधते. या पेस्टला चव कोंबडीची आहे. आमचे घर चार पिढ्यांचे शाकाहारी. आईने ट्यूब नाकाशी नेली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "औषध आहे ते."