गाडीच्या आतला रंग

बाहेरून गाडीचा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. आतून ती गुलाबी केली तरी आरटीओ विचारत नाही. त्यामुळेच असेल, पण आतलं काम गॅरेजात कायम उरलंसुरलं समजतात. डेंटिंग-पेंटिंग उरकलं, गनमध्ये रंग शिल्लक राहिला, की पेंटर विचारतो, "आबा, डॅशबोर्डवर बी एक हात मारू का?" आबा खूश होऊन मान हलवतात. पत्र्यासाठी कालवलेला रंग प्लॅस्टिकवर जातो आणि पहिल्या उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात.

*

पार्ट खोलला की आधी उलटा करून पाहावा. पाठीवर साच्यातच उठवलेली अक्षरं असतात: पीपी, एबीएस, कधी पीपीबरोबर ईपीडीएम. एवढं वाचलं तरी अर्धं काम कळतं. एबीएस रंग चांगला धरतं, पण कडक थिनर लागला की मऊ पडतं, कधी बारीक चिरा जातात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, न्हाणीघरातल्या मगाच्या कुळातलं. त्याला रंगाचं काही देणंघेणं नाही. त्याच्यावर आधी अ‍ॅडहेशन प्रमोटरचा पातळ हात द्यायचा, डबीवर लिहिलेल्या वेळातच पुढचा हात मारायचा. वेळ चुकली की तो हात वाया. पीपी भरड पेपरने घासलं तर वर लव येते आणि ती रंगाखालूनही दिसते. तिथे राखाडी स्कॉचब्राइट बरं.

*

खरा शत्रू मात्र पॉलिश. दर दसऱ्याला डॅशबोर्ड चकाचक करायचा म्हणून जे चोपडतात त्यात बहुतेक वेळा सिलिकॉन असतं. त्यावर रंग मारला की तो जागोजाग मागे सरतो, वाटाण्याएवढे खळगे पडतात. आणखी एक हात मारून ते बुजत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी साबणपाणी आणि ब्रश, मग आयसोप्रॉपिल अल्कोहोल, तेही एका फडक्याने लावायचं आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपायचं. पेपर त्यानंतर. आधीच पेपर चालवला तर सिलिकॉन ओरखड्यांत आत बसतं.

पूजेची दुसरी खूण म्हणजे हळदीकुंकवाची बोटं आणि उदबत्तीने भाजलेला ठिपका. आणि गणपती. डबल टेपने चिकटवलेला गणपती काढायला मालक धजत नाही, "त्याच्या बाजूबाजूने मारा की" म्हणतो. तसं करू नये. मूर्ती त्यांनाच त्यांच्या हाताने काढू द्यावी, तेवढा मान ठेवावा. पण काढायला लावावी.

*

रहिमतपूर–औंध, रहिमतपूर–सातारा अशी वडाप करणारी जीप आतून पाहिली की कळतं, ट्रिम कशाने मरते. ऊन नंतर. आधी बुटाची टोकं, खताच्या पोत्याचे कोपरे, दार ओढणाऱ्यांच्या हाताचा घाम. जुन्या गाडीत दाराच्या पॅडला रेक्झीन आणि आत हार्डबोर्ड. पावसाळ्यात खालची कड पाणी पिऊन फुगते. अशा पॅडला वरून कितीही देखणा रंग द्या, फुगवटा तसाच राहणार. बोर्ड बदलावा, नव्याच्या कडा वॉर्निशने बंद कराव्यात. रेक्झीनला तर गाडीचा रंग नकोच. ते वाकतं, रंग वाकत नाही. त्यासाठी व्हिनाइलचा वेगळा रंग मिळतो, तो अगदी पातळ बसतो आणि रेक्झीनची नक्षी बुजवत नाही.

*

जुन्या फियाटवाल्यांना हा ताप कमी होता. डॅशबोर्ड पत्र्याचा, पत्र्याला जे लागू तेच त्याला. 1944 मध्ये वालचंद हिराचंदांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघत. मुंबईच्या रस्त्यावरून त्यांतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर उतरली. पत्र्याच्या डॅशबोर्डवर डोकं आपटलं तर काय होई, हे मात्र त्या गाड्यांच्या आठवणी काढणारे सांगत नाहीत.

*

एअरबॅगच्या झाकणाला हात लावायचा नाही. झाकणाच्या पाठीमागे मुद्दाम पातळ ठेवलेली रेघ असते, फुगा तिथूनच फाडून बाहेर येतो. वर लांबी नि रंगाचे थर चढवले तर ते कसं फाटेल आणि कपच्या कुणाच्या तोंडावर उडतील, सांगता येत नाही. 1 जुलै 2019 पासून नव्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे आता सेकंडहँडमध्येही ती सर्रास येते. झाकणाचा रंग बाकीच्याशी जुळत नसेल तर न जुळो.

*

हवामान. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. एप्रिलात उलट: रंग पोचायच्या आत वाळतो, हाताला रेतीसारखा लागतो. आणि ऊसतोड सुरू झाली की पाचट पेटवतात. त्याची काळी काजळी उडत येऊन नेमकी ओल्या बेज रंगावर बसते. सकाळी, वारं पडलेलं असताना, जमिनीवर पाणी शिंपडून काम करावं. संध्याकाळी शेतात धूर दिसला की गन धुऊन ठेवावी.

*

खरवडलेली जागा लांबीने भरली की प्लॅस्टिकचा कातडीसारखा पोत जातो. मग सगळ्या डॅशबोर्डवर तेवढाच एक गुळगुळीत डाग दिसतो, आणि मालकाची नजर रोज तिथेच जाते. बारीक ओरखडा असेल तर सोडून द्यावा. माझं तरी हेच मत. पेंटरचं वेगळं असतं, कारण त्याला लांबी भरायची सवय.

*

वरचा भाग मॅटच हवा. चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. कोरेगावकडून दुपारी येताना सूर्य समोर असला की रस्त्यापेक्षा डॅशबोर्डच जास्त दिसतो. शोरूमसारखी चमक मागणाऱ्याला एकदा काचेमागे पांढरा कागद ठेवून दाखवावा.

*

हार्डनरच्या रंगात आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून मारणारे पेंटर सगळीकडे दिसतात. रुमाल त्याला अडवत नाही. त्यातून जडलेला दमा पुढे थोड्याशा वासानेही उसळतो. त्यासाठी वेगळा मास्क मिळतो.

*

पार्ट परत बसवायच्या आधी कडेला, न दिसणाऱ्या जागी, ब्लेडने फुली मारावी, टेप दाबून झटक्यात ओढावी. टेपला रंग आला तर सगळं पुन्हा. नाही आला तरी आठवडाभर डॅशबोर्डवर काही ठेवू नये. मोबाइलच्या कव्हरचा ठसा उमटतो. क्लिपा काढताना मोडतातच, जुन्या गाडीच्या तर नक्की. साताऱ्याला जाणारा कुणी असेल तर नव्या आणायला आधीच सांगून ठेवावं, आणि नमुन्याला मोडकी क्लिप सोबत द्यावी.