चामडं, हायलम आणि शेफिल्डची पुडी

रायपूर,
जुलै

चि. चिऊ हिस,


तुझी पुडी पोचली. समता कॉलनीतल्या तुझ्या मैत्रिणीचे वडील स्वतः घेऊन आले. चहा घेतला आणि पुडीत काय आहे ते कळल्यावर जरा हिरमुसलेच. शेफिल्डहून आणलंय म्हटल्यावर काहीतरी भारी असेल असं त्यांना वाटलं होतं. तुझ्या मामीने त्या कृत्रिम टिपच्या काळ्या चकत्या आधी औषधाच्या डब्यात ठेवल्या होत्या. आत तुझी चिठ्ठी : "मामा, एवढ्याशा टोकासाठी जनावराचं कातडं कशाला? या लावून बघ." परवा फोनवर विचारलंस, कशा आहेत, आणि मी "लिहून कळवतो" म्हणालो तर हसलीस. हस खुशाल. पण क्यूच्या, म्हणजे बिलियर्ड्सच्या काठीच्या, टोकाला चामडं आलं कुठून हे सांगितल्याशिवाय तुझ्या टिपबद्दल बोललो, तर ते अर्धवटच होईल.

तू व्हीगन झाल्यापासून जो प्रश्न विचारतेस, तो आजीने कधीच विचारून ठेवला होता. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची म्हणून माझे पाने-पकड-टेस्टर, मामीची कात्री, विळी असं सगळं पाटावर मांडलेलं. त्यात मी क्यूही ठेवला. आजीने टोकाला बोट लावून विचारलं, "हे कशाचं रे?" चामड्याचं म्हटल्यावर ती जरा थांबली. मग, "तबल्याला चालतं, मृदंगाला चालतं, मग याला काय झालं," असं पुटपुटत तिने हळदकुंकू वाहिलं. मात्र मुठीकडच्या बाजूला. नावाजलेल्या जपानी थरांच्या टिप डुकराच्या कातड्याच्या असतात, हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

हा खेळ मुळापासून चामड्याचाच, असं आमच्या क्लबातले जुने लोक छातीठोकपणे सांगतात. ते काही खरं नाही. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी क्यूचं टोक नुसतं लाकडाचं असे. बॉलच्या मधोमध मारलं तर ठीक, जरा कडेला लागलं की टोक सटकायचं. ते खरबरीत राहावं म्हणून लोक भिंतीच्या चुन्यावर घासायचे. मग फ्रान्समध्ये फ्रांस्वा मिंगो नावाच्या एका कॅप्टनने टोकाला चामड्याची चकती बसवली. हे त्याला तुरुंगात असताना सुचलं आणि प्रयोग पुरा करण्यासाठी त्याने शिक्षा वाढवून मागितली, असं सांगतात. शिक्षेची गोष्ट कुणीतरी मागाहून चिकटवली असावी असा माझा संशय आहे. पण १८२७ साली त्याचं पुस्तक निघालं ते खरं, आणि तोवर अशक्य वाटणारे फटके त्यात होते : बॉल पुढे जाऊन मागे फिरतो, वळसा घेतो, दुसऱ्या बॉलला चुकवून जातो.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये बाथ गावी जॅक कार नावाचा एक मार्कर होता. मार्कर म्हणजे आपल्याकडेही क्लबात अजून असतो तोच : गुण मांडणारा, टेबल झाडणारा, टिप बदलून देणारा आणि साहेबांपेक्षा चांगला खेळणारा. हा कार डब्या भरून एक खास चॉक विकायचा. ते लावलं की बॉल आपोआप फिरतो असं सांगून. डबीत साधाच खडू. करामत त्याच्या मनगटात होती, पैसे मात्र लोक खडूचे मोजत होते.

सगळी मेख या खडूतच आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. टिप आणि बॉल यांची भेट सेकंदाच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढी. तेवढ्यात टिपने बॉलला धरलं तर तो फिरणार, नाही धरलं तर टोक सटकणार, म्हणजे मिसक्यू. पूलचा पांढरा बॉल सव्वादोन इंचांचा, म्हणजे ५७ मिलिमीटरच्या आसपास. चॉक नीट लावलेल्या टिपने मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे चौदा मिलिमीटरपर्यंत, बाजूला मारता येतं. त्यापलीकडे गेलं की कोणतीही टिप सटकते. टिप कशाची आहे याला महत्त्व एवढ्याचपुरतं, की ती चॉक किती धरते आणि किती वेळ धरते. आणि हल्लीचा चॉक खडू नव्हेच. १८९७ साली शिकागोमध्ये विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी त्याचं पेटंट घेतलं. त्यात वाळूतली सिलिका आणि कुरुंदासारखी घासणारी पूड असते. याच हॉस्किन्सच्या मदतीने पुढे आल्बर्ट मार्शने नायक्रोमची तार केली, जी आपल्या इस्त्रीत आणि हीटरमध्ये असते. विजेच्या खात्यातल्या माणसाला हे वाचून किती बरं वाटलं असेल, तू समजू शकतेस.

आता आपल्याकडचं. तुमच्या शेफिल्डला क्रूसिबल थिएटर आहे आणि १९७७पासून स्नूकरची जागतिक स्पर्धा तिथे भरते, म्हणून तुम्हा लोकांना तो खेळ तुमचा वाटतो. पण स्नूकर जन्मला जबलपूरला, १८७५ साली, पावसाने कोंडून घातलेल्या फौजी अफसरांच्या मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने काळ्या बॉलच्या खेळात आणखी रंगीत बॉल घातले. नियम उटीच्या क्लबात १८८२ साली लिहून लावले गेले, पण बाळंतपण जबलपूरचं. तेव्हा जबलपूर आणि रायपूर दोन्ही मध्य प्रांतात. माझ्या नोकरीतही २०००पर्यंत रायपूरची फाइल जबलपूरलाच जायची, कारण मध्य प्रदेश विद्युत मंडळाचं मुख्यालय तिथे होतं. मीटिंग संपली की संध्याकाळी आम्ही एखाद्या टेबलाभोवती असायचो.

आणि खरं सांगायचं तर कृत्रिम टिप मी तुझ्या कितीतरी आधी पाहिली आहे. आमच्या स्टोअरमध्ये हायलमच्या शीटचे तुकडे पडलेले असत. पॅनेलमध्ये, टर्मिनलखाली लावतात ती तपकिरी फळी. कागदाचे किंवा कापडाचे थर फिनॉलच्या राळेत गरम दाबून केलेली. रायपूरच्या आमच्या क्लबातल्या मार्करने त्यातला एक तुकडा मागून नेला, कानशीने गोल केला आणि अ‍ॅराल्डाइटने क्लबातल्या सगळ्यात जाड क्यूला चिकटवला. पहिल्या ब्रेकला, म्हणजे रचलेले बॉल फोडायच्या फटक्याला, असा कडाका झाला की पत्ते खेळणारे उठून आले. बॉल टेबलभर उधळले. सगळे खूष. आठवड्याभरात मात्र पांढऱ्या बॉलवर नखाएवढ्या चंद्रकोरी उमटलेल्या दिसल्या आणि सेक्रेटरीसाहेबांनी तो क्यू कपाटात बंद केला. कितीतरी वर्षांनी वाचलं, की अमेरिकेत नुसत्या ब्रेकसाठी वेगळा क्यू ठेवतात आणि त्याला फिनॉलिक टिप लावतात. म्हणजे आमचं हायलमच! चामडं दाबलं जाताना फटक्यातली थोडी ताकद खाऊन टाकतं, ही टिप तेवढी खात नाही, म्हणून बॉल जोरात सुटतो. काही स्पर्धांत ती चालत नाही. पूलच्या जागतिक संघटनेच्या नियमातही टिप चामड्याची किंवा तंतुमय, लवचीक पदार्थाची हवी आणि तिने बॉल ओरखडता कामा नये असं म्हटलंय. आमच्या सेक्रेटरीसाहेबांनी तो नियम न वाचताच लागू केला होता.

गंमत म्हणजे हे बॉलही त्याच राळेचे. तुझ्या मुद्द्याशी सगळ्यात जवळची गोष्ट हीच आहे, चिऊ. पूर्वी बॉल हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून चांगले बॉल जेमतेम चार-पाच निघायचे, आणि त्यासाठी हत्ती मारले जायचे. १८६३मध्ये न्यूयॉर्कच्या एका टेबलवाल्या कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं. हत्तींची दया येऊन नव्हे, हस्तिदंत महाग झालं म्हणून. त्या नादात जॉन वेस्ली हायट या छापखान्यातल्या माणसाने सेल्युलॉइड काढलं. त्याचे बॉल एकमेकांवर जोरात आदळले तर कधीकधी बार उडाल्यासारखा आवाज व्हायचा. कोलोरॅडोच्या एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाने त्याला कळवलं होतं, की माझी काही तक्रार नाही, पण आवाज झाला की खोलीतला प्रत्येक जण पिस्तूल काढतो. पुढे १९०७ साली बेकलंडने बेकलाइट केलं, तीच ही फिनॉलची राळ. बेकलंड मूळचा बेल्जियमचा, आणि आज जगभर वापरले जाणारे उत्तम बॉलही बेल्जियममध्येच होतात. ते हस्तिदंतापेक्षा गोल, टिकाऊ आणि एकसारखे. हस्तिदंत गेलं म्हणून आज कुणी गळा काढत नाही. तेव्हा "परंपरा" म्हणून चामड्याला कवटाळणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नकोस.

आता तुझ्या चकत्यांकडे येतो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो. जुनी टिप पात्याने काढली, फेरूलचं, म्हणजे टिपखालच्या टोपणाचं, तोंड काचेवर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर सपाट केलं. चामड्याची टिप फेविक्विक पिऊन घेते. तुझी पीत नाही. तिची पाठ गुळगुळीत, म्हणून सुरीच्या टोकाने आडव्या-उभ्या रेघा मारून मगच चिकटवली. रात्रभर उलटी दाबून ठेवली. सकाळी कडा तासल्या. चामडं तासताना मऊ वळ्या निघतात आणि खोलीत चपलांच्या दुकानाचा वास येतो. हिचा काळा, कडक भुगा निघाला, वास काहीच नाही. मामीचं मत तिथेच तुझ्या बाजूने पडलं. माथ्याला हल्लीच्या छोट्या रुपयाच्या कडेएवढी गोलाई दिली आणि संध्याकाळी क्लबात गेलो.

पहिल्यांदा जाणवतो तो आवाज. चामड्याचा "ठप्", हिचा "टक्". बॉल जरा लवकर सुटतो, त्यामुळे हळुवार फटके हवे त्यापेक्षा वीतभर पुढे जात होते. चार संध्याकाळी खेळल्यावर हात बसला. स्क्रू (बॉल मागे फिरवणं) येतो, फॉलो (पुढे नेणं) तर उत्तम. पण साइड लावून, म्हणजे बॉलला बाजूने फिरकी देत, कडेला मारायचं म्हटलं की मला भरवसा वाटेना. चामडं धरेनासं झालं की आधी थोडी जाणीव देतं, हाताला काहीतरी ओशट लागतं. ही न सांगता सटकते. चॉक हिच्यावर बसतो, मुरत नाही. फटक्यागणिक लावावा लागतो. सँडपेपर मारला की दोन-तीन फ्रेम बरं जातं, मग पुन्हा चकाकी.

दुसरी बाजूही ऐक, आणि ती रायपूरमध्ये फार मोठी आहे. इथे नौतप्यात, ऐन उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तेव्हा चामड्याची टिप वाळून दगड होते, काचेसारखी चमकते. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की तीच ओल पिऊन फुगते आणि फेरूलबाहेर भूछत्रासारखी पसरते. त्यात पार्लरमध्ये कूलर, म्हणजे भर उन्हाळ्यातही पावसाळा. एल्क मास्टर नावाच्या निळसर चामड्याच्या टिप दुधात भिजवून, वाळवून, शिकंज्यात दाबून कडक करण्याचा उद्योगही लोक करतात, तो या पसरण्यालाच कंटाळून. (दुधाचं तुला सांगायला नको होतं, एका टिपमध्ये चामडंही आणि दूधही!) तुझी टिप जशी जूनच्या सुरुवातीला होती तशीच आज आहे. आकार तोच, कडकपणा तोच. माझा फटका चुकला तर दोष हवेवर ढकलता येत नाही, एवढीच अडचण.

तेव्हा निकाल असा. ब्रेकच्या क्यूला तुझी टिप कायमची राहणार. कॉलेजजवळच्या पूल पार्लरवाल्याला काही दिल्या. त्याच्याकडचे क्यू पोरं कूलरपुढे उभे करतात आणि चामडं तिथे टिकतच नाही. माझ्या खेळायच्या क्यूला मात्र सध्या चामडं. टिपसाठी म्हणून कुणी जनावर मारत नाही, बूट-पट्ट्यांतून उरलेल्या तुकड्यातून ती निघते, असं मी स्वतःला सांगतो. हा युक्तिवाद माझ्या सोयीचा आहे हे तू म्हणणार, आणि ते मला मान्यच आहे. चॉक मुरेल अशी कृत्रिम टिप निघाली की मी चामडं सोडीन. निघणार हे नक्की. बॉलचं झालं तसंच टिपचं होईल.

या टिप तुझ्या क्यूला मात्र लावू नकोस. तुमच्या पबमधल्या लाल-पिवळ्या बॉलच्या टेबलाचे क्यू बारीक असतात, आठ-नऊ मिलिमीटरच्या टिपचे. तू पाठवलेल्या तेराच्या आहेत. तासून लहान करता येतील, पण लीगमध्ये खेळणार असलीस तर आधी विचारून घे. आणि एप्रिलमध्ये क्रूसिबलला गेलीस तर पुढच्या रांगेत बस, प्रत्येक खेळाडू किती फटक्यांनी चॉक लावतो ते मोजून मला कळव.

मामी म्हणते, पुढच्या पुडीत खायचं काहीतरी पाठव.

तुझा,
मामा