कुर्डीचे एक छायाचित्र

माझ्या संग्रहातील एका छायाचित्रात आत्याबाई खाली वाकून काही शोधीत आहेत, असे पाहणारास वाटते. भोवती भेगाळलेली जमीन, चिऱ्यांची जोती आणि दूर वठलेल्या झाडांचे काळे खुंट.

सांगे तालुक्यातील हा कुर्डी गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचा. साळावली धरणाच्या पाण्याखाली तो १९८६ साली गेला. कदंबकालीन महादेवाचे देऊळ तेवढे दगडन् दगड उतरवून धरणानजीक पुन्हा उभारण्यात आले. घरे राहिली तेथेच. मे महिन्यात पाणी ओसरले की गाव उघडा पडतो, आणि पांगलेले गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला परत येतात.

त्या दिवशी आत्याबाई शोधीत नव्हत्या, मोजीत होत्या. उंबऱ्यापासून सात पावले माजघर, तेथून डावीकडे चार. माझे सारे लक्ष उन्हाच्या तिरिपेकडे. (छायाचित्रे काढणाऱ्यास माणसे फार उशिरा दिसतात!) कोन साधावा म्हणून मी एका जोत्यावर चढलो आणि कळ दाबली. त्यांनी मान वर केली.

"पुता, वहाणा काढ. तू देवघरात उभा आहेस."

वहाणा काढल्या. चिरा तापलेला होता, तळवे पोळत होते; पण खाली उतरण्याचा धीर होईना. आत्याबाईंनी सोबत आणलेला अबोलीचा वळेसर माझ्या शेजारी ठेवला आणि हात जोडले.

ते छायाचित्र मी काढले नाही. पहिले मात्र पुष्कळांनी वाखाणले. प्रदर्शनाकरिता कोणी मागितले, तेव्हा मी नाही म्हटले. आत्याबाईंनी मात्र त्याची एक प्रत मागून घेतली, आणि तिच्या मागे पेन्सिलीने पावलांचे आकडे लिहून ठेवले.