पहिला वस्तरा घेताना

पहिला वस्तरा घेणाऱ्याने पात्यापेक्षा दगडावर आणि चामाटीवर, म्हणजे पातं परजायच्या चामड्याच्या पट्ट्यावर, जास्त पैसे घालावेत, असं माझं ठाम मत आहे. मी खडकवासल्यात राहतो आणि रोजची दाढी वस्तऱ्यानेच करतो. वस्तरा घ्यायच्या विचारात असलेली माणसं विचारतात ती कंपनी, मुठीचं लाकूड, पात्यावरचं नक्षीकाम. धार कोण लावणार आणि कोण राखणार, हे क्वचितच कुणी विचारतं. वस्तुतः कारखान्यातून आलेल्या बऱ्याचशा नव्या वस्तऱ्यांना दाढीजोगी धार नसतेच. डबीतून काढून तसाच गालाला लावला तर तो केस कापण्याऐवजी ओढतो, कातडी जळजळते, आणि माणूस वस्तऱ्यालाच नावं ठेवून पुन्हा ब्लेडकडे वळतो. दोष पात्याचा नसतो, तयारी अर्धवट राहिलेली असते. त्याहून वाईट म्हणजे स्वस्तातले, मऊ पोलादाचे, दिसायला हुबेहूब वस्तऱ्यासारखे तुकडे. त्यांच्यावर कितीही मेहनत घेतली तरी धार टिकत नाही.

म्हणून पहिल्या खरेदीत मी आधी पातं सरळ आहे की नाही ते पाहायला सांगतो. पुण्याच्या जुन्या बाजारात नशिबाने शेफील्डचा किंवा झोलिंगेनचा जुना वस्तरा हाती लागला, तर डाग पाहून नाक मुरडू नये; गंज धारेपर्यंत खोल गेलाय का ते पाहावं. पातं काचेवर आडवं ठेवावं. पाठ आणि धार दोन्ही सगळीकडे टेकायला हव्यात, डगमगलं तर पातं वाकलेलं आहे. धारेवर बारीकशी चीर दिसली तर तो कितीही नामांकित असो, परत ठेवावा. पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली असावी, कारण वस्तऱ्याची सगळी करामत या पाठीत आहे. पाच अष्टमांश इंची पातं साधारण सोळा मिलिमीटर रुंद असतं आणि त्याची पाठ साडेचार ते पाच मिलिमीटर जाड. दगडावर पाठ आणि धार एकाच वेळी टेकवली की सोळा-सतरा अंशांचा कोन आपोआप साधतो. विळीला किंवा सुरीला धार लावताना कोन हातानेच सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो बनवणाऱ्यानेच बसवून दिलेला असतो. धार लावणं फार कौशल्याचं काम आहे, ही भीती म्हणूनच मला अनाठायी वाटते. लागतो तो संयम, आणि हात हलका ठेवण्याची सवय.

दगड मात्र चांगले हवेत. शेतावरचा कुरुंदाचा दगड कोयत्याला ठीक, वस्तऱ्याला तो फार खरबरीत. हजार नंबरच्या दगडावर धारेचे दोन्ही उतार एकमेकांना भिडेपर्यंत घासायचं. उतारावर मार्करची शाई लावून एक-दोन हात फिरवले की शाई कुठे पुसली आणि कुठे राहिली ते डोळ्यांना दिसतं, अंदाजावर काही सोडावं लागत नाही. मग चार हजार, आठ हजार, आणि जमल्यास बारा हजार. पहिला टप्पा कच्चा राहिला तर पुढचे दगड कितीही महाग असोत, ते फक्त चकाकी देतात. दगडावर धार पुढे ठेवून जायचं, चामाटीवर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. पट्ट्याच्या टोकाशी पातं उलटवताना ते पाठीवरूनच फिरवायचं. धारेवरून फिरवलं की पट्टा कापला जातो आणि दगडावरची मेहनत वाया जाते. दाढीपूर्वी पन्नास-साठ वेळा परजलं की वस्तरा महिनोन् महिने दगडाशिवाय चालतो. धारेइतकाच फेसही चांगला लागतो, आणि त्यासाठी धरणाचं पाणी ही इथली एक सोय म्हणायला हवी. मुठेच्या खोऱ्यातल्या पावसाचं हे हलकं पाणी, त्यात साबणाचा फेस दाट येतो. बोअरच्या जड पाण्यात तो लगेच बसतो, आणि फेस बसला की चांगली धारही बोचते.

यावर सोपी सूचना येते ती अशी, की सायकलवरून येणाऱ्या धारवाल्याकडे का देऊ नये? त्याचं चाक सुऱ्या-कात्र्यांसाठी उत्तम आहे. पण वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते, की फिरत्या चाकाच्या घर्षणाने ती क्षणात तापते आणि पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. तेवढा भाग निळसर पडला की तो मऊ झाला समजावं. सगळ्यात रास्त आक्षेप खर्चाचा. जिलेटने १९०४ साली पेटंट मिळवल्यापासून टाकून द्यायचं ब्लेड जगभर पसरलं, आणि आपल्याकडे ते काही रुपयांत मिळतं. मग एवढा खटाटोप कशाला? हिशोब नुसत्या पैशांचा मांडला तर ब्लेडच जिंकेल, हे मी मान्य करतो. पण त्याची किंमत रोज कचऱ्यातही पडते, आणि बोथट झालेली वस्तू पुन्हा उपयोगी करण्याची सवय आपल्या हातातून जाते.

रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या भीतीने सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा आला, ते योग्यच झालं. अनेकांच्या गालांवर एकच पातं फिरवू नये. घरचा, एकट्याचा वस्तरा या आक्षेपाच्या बाहेर राहतो. मात्र त्या बदलात पातं परजण्याची विद्या दुकानांतून उठली, आणि ती विद्या नाभिक कारागिरांची होती, ज्यांतल्या अनेकांनी १८९० साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांच्या केशवपनाला वस्तरा लावायला नकार दिला होता. इतका स्वाभिमान बाळगणाऱ्या माणसांचं हे कसब पडद्यावर बघून शिकण्याआधी एखाद्या वयस्क कारागिराकडे जाऊन, त्याला रीतसर मोबदला देऊन शिकावं, असं मला मनापासून वाटतं. तळहातावर पातं कसं परजायचं हे त्याच्या शेजारी उभं राहूनच नीट कळतं.

राहता राहिला पाऊस. सिंहगडाकडून आलेले ढग जून ते सप्टेंबर इथली हवा ओली ठेवतात, आणि साध्या कार्बन पोलादाला एका रात्रीत गंजाचे ठिपके येऊ शकतात. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नये. दाढी झाल्यावर पातं कोरडं पुसून चामाटीवर हलके आठ-दहा हात द्यावेत, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने धारेच्या दोन्ही बाजूंना लावावा. मुठीतल्या खिळ्याभोवती पाणी अडकतं, तिथे कापडाचं टोक घालून टिपावं. चामड्याच्या म्यानात ठेवायचा मोह टाळावा, चामडं ओल धरून ठेवतं.