दागिन्याची पाठ

संपादकांचा फोन आला तेव्हा भट्टीवर मूस तापत होती. जुन्या दागिन्यांवरून नवं डिझाइन कसं सुचतं यावर लिहा म्हणाले, आणि सोनारकामाची परिभाषा शक्यतो टाळा. मी हो म्हणालो आणि पंधरा दिवस एक ओळ लिहिली नाही. विषय निघाला की मला वैशाखातली ती पुतळ्यांची माळ आठवते. ती बाजूला ठेवून बाकीचं सांगणं मला जमणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

नारायणगावाला लागून आमची वारूळवाडी. लग्नसराईत मायलेकी दुकानात आल्या. मुलीनं मोबाइलमधला फोटो समोर धरला. "काका, मला असं अँटिक पाहिजे." गळ्याबरोबरचा रुंद हार, मधोमध लक्ष्मी, खाचांतून काळपट छटा. आईनं पिशवीतून कापडाची पुरचुंडी काढली. आत सासूबाईंची पुतळ्यांची माळ, ३६ पुतळ्या, गोंडा विटून तपकिरी झालेला. "हे मोडा आणि त्यातच बसवा," त्या म्हणाल्या. "कपाटात पडून हाये नुसतं. घालतं कोण?"

मी एकदा विचारलं, अर्धी तरी ठेवायची का? त्या नको म्हणाल्या. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेल्यापासून घरातलं जुनं सोनं मोडल्याशिवाय नवा दागिना होणं बहुतेकांना अवघडच झालंय. त्यात त्यांचा काही दोष नाही. वहीसाठी मी माळेचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, दोरा कापला, पुतळ्या एकगठ्ठा तोलल्या आणि मुशीत टाकल्या.

आठ दिवसांनी हाराचं रेखाटन करताना तोच फोटो मोठा करून पाहिला. ३३ पुतळ्या पातळ पत्र्यावर ठसा मारलेल्या होत्या, आपल्याकडे असतात तशा. तीन वेगळ्या होत्या. त्यांची कड जाड आणि जराशी वाकडी, वर टाचलेली कडी दोऱ्यानं घासून केसासारखी बारीक झालेली. एक आकृती उभी, तिच्यासमोर दुसरी गुडघे टेकलेली, दोघांच्या मध्ये काठी. आणि काठीलगत एकाखाली एक तीन अक्षरं. डी, व्ही, एक्स.

इथे थोडं सविस्तर सांगावं लागेल. १२८४ पासून इटलीतल्या व्हेनिस शहरात डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पडायचं. वजन साडेतीन ग्रॅम, आमच्या जुन्या मापात २९ गुंजांच्या आसपास, आणि सोनं जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्क उभा, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला नगराचा प्रमुख. त्याला डोज म्हणत, आणि काठीजवळची ती तीन अक्षरं त्याच्या पदाची. दुसऱ्या बाजूला लंबगोल चौकटीत ताऱ्यांमध्ये येशू. शेकडो वर्षं हे नाणं ठरल्या वजनाचं आणि ठरल्या कसाचं निघत राहिलं, म्हणून तांबड्या समुद्रावरून आपल्या किनाऱ्यापर्यंत त्याला मान होता. त्यावरच्या आकृती पाहून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटलं. मग इथल्या सोनारांनी तसेच ठसे कोरले. अक्षरं वाचता येत नव्हती, त्यांच्या रेघा झाल्या. संत आणि डोज जाऊन राम-सीता आले, लक्ष्मी आली. नाण्याची पुतळी झाली, पुतळ्यांची माळ झाली, आणि आज तिच्याइतका मराठी दागिना दुसरा सांगता येत नाही.

प्रेरणा घेणं म्हणजे काय, असं तरुण कारागीर विचारतात तेव्हा मी हीच गोष्ट सांगतो. त्या सोनारानं नाण्याचा आकार घेतला, वजनाचा भारदस्तपणा घेतला, आणि चित्र आपल्या देव्हाऱ्यातलं घातलं. एवढं ठाऊक असून तसल्या तीन पुतळ्या मी स्वतः आटवल्या. त्या व्हेनिसच्या होत्या की इथेच कुणी हुबेहूब पाडलेल्या, हे एकेक पुतळी तोलली असती, कसोटीवर घासली असती, तर अर्ध्या तासात कळलं असतं. आता त्यांचं सोनं त्या मुलीच्या गळ्यात आहे. तिच्या आईला मी फोटो दाखवून सगळं सांगितलं. त्या बराच वेळ फोटो बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सासूबाईंना तरी कुठं ठाऊक होतं, काका."

तेव्हापासून दुकानात नियम केला आहे. मोडीला आलेला प्रत्येक नग सुटा तोलायचा, भिंगाखाली दोन्ही बाजूंनी पाहायचा, पाठीचं रेखाटन काढायचं, मगच आटणी.

पाठीचं, हे मुद्दाम लिहिलं. गिऱ्हाईक फोटो आणतं त्यात दागिन्याचा चेहरा असतो. दागिना अंगावर कसा बसतो, कुठे वळतो, भार कुणावर टाकतो, हे सगळं पाठीमागे असतं. वज्रटीक घ्या. तिचे मणी कापडाच्या पट्टीवर शिवलेले असतात, म्हणून गळा वळला की ती वळते. आजकाल मागे सलग पत्रा ठोकतात आणि मग ती गळ्याला टोचते म्हणून मुली घालत नाहीत. ठुशीला मागे सरकता गोंडा असतो. तीच ठुशी सोळा वर्षांच्या मुलीला होते आणि तिच्या आजीलाही. बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाख, म्हणून दिसायला टपोरे आणि वजनाला हलके. भाव चढल्यावर कमी सोन्यात मोठा दागिना कसा करायचा यावर सध्या बरंच यंत्रकाम चाललं आहे. आपल्या बोरमाळेनं तो प्रश्न केव्हाच सोडवला होता.

माझ्या हातून झालेल्या कामांत मला सर्वांत आवडतं ते वेलावरून केलेलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीला साखरपुड्यासाठी नजरेत भरतील असे मोठे कानातले हवे होते, पण कानाची पाळी नाजूक, भोक ओघळलेलं. जुन्या कुडीबरोबर मोत्यांचा वेल असायचा, कानामागून जाऊन केसांत अडकायचा. लोक त्याला शोभेचा समजतात. पण तो भार उचलतो; कानातल्याचं निम्मं वजन केसांवर घेतो. मी मोती काढले, सोन्याची सपाट साखळी ठेवली आणि तिचा वळसा कानाच्या वरच्या कडेवरून नेला. पाच तास घालूनही पाळी ओढली गेली नाही, असा तिचा फोन आला. तो दिवस माझ्या लक्षात आहे.

आता 'अँटिक' या शब्दाबद्दल. संपादकांनी परिभाषा टाळायला सांगितली आहे, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बाजारात अँटिक म्हणून मिळतं ते एक फिनिशिंग आहे. रसायनानं खाचा काळ्या करायच्या, मग उंचवटे घासून उजळायचे. चांगल्या कसाचं सोनं आपण होऊन काळं पडत नाही. जुन्या दागिन्याच्या खाचांत जे काळपट दिसतं ते तेल, हळदकुंकू, घाम, धूळ यांचं पूट, किंवा मिसळलेल्या चांदी-तांब्याचं काम. आणि खरी झीज सगळीकडे सारखी कधीच नसते. पाटलीची बांगडीला लागणारी कड झिजते, बाहेरची राहते. पुतळीची कडी झिजते, मूर्तीचं नाक झिजतं, पाठीवरची हत्यारांची खूण कोरी राहते. ही झीज एका बाईनं पन्नास वर्षं तो दागिना अंगावर वागवल्याचा लेख आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू म्हणवून घ्यायला नाण्याला किंवा कलावस्तूला निदान शंभर वर्षं व्हावी लागतात. दुकानात तोच शब्द दुपारी लावून संध्याकाळी विकला जातो. यात फसवणूक आहे असं माझं म्हणणं नाही, ते फिनिशिंग मीही करतो. पण त्या शब्दामुळे घरातलं खरं जुनं लोकांना जुनाट वाटायला लागलं आहे, आणि याचं मला मनापासून दुःख आहे. एका मालिकेतल्या जान्हवीचं मंगळसूत्र गावोगाव मागितलं जायचं तेव्हा किती जुनी डोरली मोडीत आली, ते मी याच काट्यावर तोललं आहे.

आणखी एक गैरसमज आमच्या माथी कायमचा आहे. जुना दागिना आटवला की सोनं कमी भरतं, कस उतरतो, आणि सोनारानं मारलं असं ठरतं. आत काय होतं ते पाहा. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं. दोन तुकडे जोडायचे तर जोडणारी झाळ त्या तुकड्यांच्या आधी वितळली पाहिजे, म्हणून तिच्यात चांदी-तांबं घालतात; मधल्या काळात कॅडमियमही घालत, ज्याच्या धुरानं कारागिरांच्या फुफ्फुसांची वाट लागली. ठुशीला, मोहनमाळेला जोड किती, मोजा. मणी २२ कॅरेटचे असले तरी सगळ्या झाळीसकट आटवलं की कस उतरणारच. वर मळ आणि लाख जळते ती वेगळी. आता नगावर ९१६ चा छाप आणि सहा अक्षरअंकांचा क्रमांक असतो, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय विक्री नाही, हे चांगलं झालं. पण आजीच्या दागिन्यावर छाप नसतो, तिथे विश्वासच लागतो. माझ्या आजोबांनी १९६३ चा सुवर्ण नियंत्रणाचा काळ पाहिला. १४ कॅरेटवरचा दागिना घडवायचा नाही, असा नियम आला. भट्टी थंड पडली आणि ते दुसऱ्याच्या रानात मजुरीला गेले. कसोटीचा दगड मात्र त्यांनी विकला नाही. तो माझ्या गल्ल्याशेजारी आहे.

मोठ्या, ठसठशीत दागिन्यासाठी लोक परदेशी मासिकं चाळतात. आम्ही नारायणगावचे. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाईंचं हे गाव. लहानपणी वडिलांबरोबर मी राहुटीत मुलाम्याच्या दागिन्यांची दुरुस्ती द्यायला जायचो. बोरमाळ नेहमीच्या दीडपट, नथीचा आकडा मोठा, मोती कमी पण टपोरे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे, आणि नाचताना तुटता कामा नये. बारीक नक्षी तिथे चालत नाही. लांबून तिचा नुसता करडेपणा दिसतो. मोठा दागिना करताना तो कागदावर काढून भिंतीला लावायचा आणि वीस पावलांवरून बघायचा, ही सवय मला त्या राहुट्यांनी लावली.

मन थकलं की लेण्याद्रीला जातो. गिरिजात्मजाचं दर्शन झालं की चैत्यगृहात थोडा वेळ बसतो. तिथल्या ब्राह्मी लेखात देणगीदाराचं नाव आहे, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत. हेरणिक म्हणजे सोन्याचं काम करणारा, असाही अर्थ लावतात. मी तोच अर्थ धरतो.

हे लिहितोय तेव्हा समोर मंचरहून आलेली एक ठुशी आहे, मोडीसाठीच. बाईंना म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. त्या थांबल्या आहेत. काल रात्री तिच्या पाठीचं तिसरं रेखाटन काढलं. मधल्या ओळीत डावीकडून सातवा मणी बाकीच्यांपेक्षा किंचित मोठा आहे, आणि त्याची झाळ वेगळ्या रंगाची. कधीतरी एक मणी हरवला असावा आणि कुणीतरी जवळचंच सोनं घालून तेवढा एक नवा करून दिला असावा. सकाळी बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, सासूबाई एका मण्याची काहीतरी गोष्ट सांगायच्या खऱ्या, थोरल्या नणंदेला आठवत असेल, तिला विचारून सांगते.